अशिलाची ओढाताण
गावाकडचा माणूस कोर्टाची पायरी चढताना आधीच बावरलेला असतो. त्यात दारातच चार वकील झोंबले, हातचे कागद ओढू लागले, तर त्याने करावे काय? मुंबईच्या किल्ला कोर्टाबाहेर काही वकिलांनी असेच केल्याचे प्रकरण उभे राहिले. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांची वकिली तीन वर्षे बंद केली. पण भारतीय बार कौन्सिलच्या शिस्त समितीने त्यांना सोडले. राज्याची कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेली. तेव्हा प्रश्न निघाला, अहो, यात तुमचे काय बिघडले? १९६१ च्या कायद्यात अपिलाचा हक्क ज्याला बाध पोहोचला त्यालाच! १९७५ साली सात न्यायमूर्तींनी ठरवले : कौन्सिल वकिलीची अब्रू आणि लोकांचे हित राखणारी, तिलाही बाध पोहोचतो. पुढे मूळ आरोपांवरही निकाल झाला. अशिलासाठी अशी झोंबाझोंबी हे गैरवर्तनच ठरले.