युरोपात देश बदलताना रेल्वे पास, बस की स्वस्त विमान? पैसे नक्की कुठे वाचतात?

पॅरिस, आम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना. पाच देशांतली पाच शहरं आणि मधे फक्त चार प्रवास. भारतातून पहिल्यांदा युरोपला जाणाऱ्या अनेकांचा बेत साधारण असाच असतो आणि 'आधी युरेल पास घेऊन टाका' हा सल्लाही त्यांना हमखास मिळतो. पण पास घेतला म्हणजे प्रवास स्वस्त झाला, असं नाही.

युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठीचा पास आहे. तो ३३ देशांत चालतो. (युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल असतो. अट राहण्याच्या ठिकाणाची आहे, पासपोर्टची नाही. त्यामुळे जर्मनीत शिकणारी तुमची मुलगी इंटररेल घेईल आणि तिला भेटायला जाणारे तुम्ही युरेल.) यात महिन्याभरात ठराविक दिवस प्रवास करण्याचा पर्याय असतो. समजा, चार दिवसांचा पास २८० युरोंना पडला, तर एका दिवसाचे ७० युरो झाले. आता वरचा मार्ग पाहा. बर्लिन ते प्राग आणि प्राग ते व्हिएन्ना हे दोन्ही प्रवास साधारण चार-चार तासांचे. ही तिकिटं काही आठवडे आधी काढली तर अनेकदा २०-३० युरोंत मिळतात. तिथे ७० युरोंचा दिवस खर्च करणं म्हणजे नुकसानच.

शिवाय पासवर सगळं भागत नाही. फ्रान्समधली टीजीव्ही, इटलीतल्या वेगवान गाड्या, पॅरिस-आम्स्टरडॅम धावणारी युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांत पास असला तरी आसन आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात. युरोस्टारमध्ये तर पासधारकांसाठीच्या जागाही मोजक्याच असतात. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत आरक्षण सक्तीचं नाही. म्हणून पास परवडतो तो या देशांत, रोज लांबचा प्रवास असेल किंवा बेत आयत्या वेळी बदलणार असेल तेव्हा. ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर मोफत मिळतो (एका मोठ्यामागे दोन मुलं), त्यामुळे कुटुंबाचं गणित थोडं वेगळं होतं.

एक छोटी गोष्ट फार उपयोगाची आहे. दोन देशांत धावणाऱ्या गाडीचं तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेच्या संकेतस्थळांवर पाहा. बर्लिन-प्राग गाडीचं तिकीट जर्मन रेल्वेकडे एका दराने आणि चेक रेल्वेकडे दुसऱ्या दराने दिसू शकतं. गाडी तीच, डबा तोच.

बस आणि विमान

फ्लिक्सबससारख्या बस बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त असतात. पॅरिस-आम्स्टरडॅमला रेल्वेने साडेतीन तासांच्या आत पोहोचता येतं, बसला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एकदा चालेल, दहा दिवसांच्या सहलीत तीनदा केलं तर दीड-दोन दिवस बसमध्येच जातील.

विमानाचं १५ युरोंचं तिकीट पाहून लगेच हुरळू नका. त्यात बहुधा आसनाखाली मावणारी पिशवीच मोफत असते, मोठ्या बॅगेचे पैसे कधी कधी तिकिटापेक्षा जास्त होतात. विमानतळ कुठे आहे तेही पाहा. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे! तिथून शहरात यायला बसचं भाडं आणि सव्वा तासाहून जास्त वेळ धरा. लिस्बन-रोमसारख्या लांबच्या अंतराला मात्र विमानच घ्यावं.

व्हिसाचा पेच

आपल्याकडच्या प्रवाशांची खरी अडचण वेगळीच आहे. स्वस्त तिकिटं लवकर काढावी लागतात आणि ती बहुधा परत होत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी मात्र प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीच अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. व्हिसा नाकारला तर 'स्वस्त' तिकिटांचे पैसे बुडतात. त्यामुळे अर्ज शक्य तितक्या लवकर करा, तोवर रद्द करता येणारी तिकिटंच घ्या आणि परत न होणारी तिकिटं व्हिसा हातात आल्यावर काढा. तेव्हा दर थोडा चढलेला असेल, तरी हा सौदा बरा.

मार्ग आखताना व्हिसा किती प्रवेशांचा आहे तेही तपासा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन, आयर्लंड आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाहीत. बुडापेस्टहून स्वस्त बस मिळाली म्हणून बेलग्रेडला गेलात आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत हंगेरीत शिरता येणार नाही.