कसब आणि शील: अमेरिकन फुटबॉलमधील निवडीची हकीगत

श्रोतेहो, मुलीसाठी स्थळ पाहावयाचे झाले म्हणजे आपल्याकडे दोन चौकशा होतात. एक उघड असते: शिक्षण काय, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे. दुसरी दबक्या आवाजात चालते: मुलगा कसा आहे, संगत कोणाची, रात्री घरी केव्हा येतो. पहिलीचे कागद मिळतात. दुसरीसाठी एखाद्या मामाला त्या गावी धाडावे लागते, आणि मामा जे सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉलचे संघ गेली नव्वद वर्षे नेमका हाच उद्योग करीत आले आहेत, आणि त्यांचे मामाही आपल्या मामांइतकेच कधी खरे तर कधी साफ खोटे ठरले आहेत. खेळाचे शौकीन नसलेल्यांनीही ही हकीगत ऐकावी असे आम्हांस वाटते, कारण तीत खेळ थोडा आणि माणसाची पारख फार आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवरचा फुटबॉल नव्हे. यातला चेंडू लांबट, तो बहुतेक हातांनीच न्यावयाचा किंवा फेकावयाचा, आणि अंगावर अंग आदळणे हा तर खेळाचा पायाच. हा खेळ वाढला तो तिकडच्या विद्यापीठांत. धंदेवाईक संघ मागून आले. उत्तम गडी पदवी घेऊन बाहेर पडला की श्रीमंत संघ त्याला जास्त पैसे देऊन पळवीत, आणि गरीब संघ हरतच राहत. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ असाच तळाशी असे. त्यांनी १९३५ साली इतर मालकांपुढे एक तोडगा मांडला. सर्वांनी मिळून नव्या खेळाडूंची वाटणी करावी. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याने पहिली निवड करावी, आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अशी पहिली निवड झाली. संघ नऊ, फेऱ्या नऊ, फळ्यावर सुमारे नव्वद नावे. या पद्धतीस तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात. तीत वधूवरांपैकी एकाच पक्षाला पसंतीचा अधिकार असतो, हे ध्यानात ठेवावे. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जावयाचे, नाहीतर घरी बसावयाचे.

पहिले नाव निघाले शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर या तरुणाचे, आणि त्याने खरोखरच दुसरा मार्ग धरला. त्याच्यावरील हक्क ईगल्सनी शिकागोच्या बेअर्स संघाला दिला. पण बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांच्याशी पैशांचे जुळले नाही. बरवँगर पुढे रबराच्या व्यवसायात पडला आणि सुखाने जगला. त्या वर्षी निवडलेल्या ८१ जणांपैकी धंदेवाईक मैदानात उतरले ते थोडेच.

त्या काळात संघांजवळ पारखी नव्हते. वर्तमानपत्रे आणि मासिके वाचून, ओळखीच्या शिक्षकांना पत्रे लिहून याद्या होत. 'मुलगा चांगला आहे' एवढ्या एका वाक्यावर भागे. पण हे 'चांगला' म्हणजे काय? या शब्दाच्या पोटात काय काय दडवता येते, याचा एक दाखला येथेच दिला पाहिजे. १९३९ साली लॉस एंजल्सच्या विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन हा देशातील अव्वल खेळाडूंपैकी एक होता. पुढे बेसबॉलमध्ये अजरामर झालेला जॅकी रॉबिन्सन हा त्याच संघातील त्याचा सोबती. वॉशिंग्टनचे नाव कोणत्याही संघाने पुकारले नाही. त्याचे कसब कमी नव्हते आणि शीलाविषयी तक्रारही नव्हती. तो काळा होता एवढेच. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत त्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, आणि हा नियम कोठे लिहिलेलाही नव्हता. १९४६ साली लॉस एंजल्सला आलेल्या रॅम्स संघाला सरकारी क्रीडांगण हवे होते, म्हणून वॉशिंग्टनला घेणे भाग पडले; तोवर त्याचे गुडघे शस्त्रक्रियांनी जायबंदी झाले होते. ड्राफ्टमध्ये पहिल्या काळ्या खेळाडूचे नाव निघावयास १९४९ साल उजाडले. शीलाच्या चौकशीविषयी बोलताना आम्ही थोडे जपून बोलतो ते यासाठी.

युद्धानंतर शीलाला एक निराळा अर्थ आला, तो म्हणजे जुगारापासून दूर राहणे. १९४६ च्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्कच्या दोन खेळाडूंना सामना विकण्यासाठी लाच देऊ केल्याचे उघडकीस आले. त्यांनी ती घेतली नव्हती, पण कळवलीही नव्हती. बर्ट बेल त्या वेळी लीगचे प्रमुख आयुक्त झाले होते. त्यांनी दोघांना बाहेर काढले. १९६३ साली पुढचे आयुक्त पीट रोझेल यांनी पॉल हॉर्नंग आणि ॲलेक्स कॅरास या दोन नामवंतांना सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल संपूर्ण हंगाम बाद केले. हॉर्नंग हा १९५७ च्या ड्राफ्टमधील पहिले रत्न, आणि शिस्तीबद्दल देशभर नाव असलेल्या व्हिन्स लोंबार्डी या शिक्षकाचा लाडका शिष्य. त्याने आपल्याच संघाविरुद्ध कधी पैज लावली नव्हती. तो दोष कबूल करून परतला आणि १९८६ साली खेळाच्या सन्मानमंदिरातही बसला. कॅरासला तेथे जागा मिळाली २०२० साली, आणि तोवर तो मरून आठ वर्षे झाली होती.

याच दशकात निवडीच्या कामात यंत्र शिरले, आणि तेथे आपल्या देशाचा एक माणूस भेटतो. डॅलसच्या काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना पारख्यांच्या लहरींचा कंटाळा आला होता. त्यांनी आयबीएम कंपनीच्या एका शाखेकडे धाव घेतली. तेथे सलाम कुरेशी नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. ते भारतात जन्मलेले. क्रिकेट जाणणारे, पण या फुटबॉलचा गंध नसलेले. हे अज्ञानच कामास आले असे आम्हांस वाटते. खेळ जाणणारे पारखी 'पोरगा भारी आहे' म्हणत. कुरेशी विचारत, भारी म्हणजे काय, आणि किती? कित्येक गुणांची यादी गाळत गाळत पाचांवर आली: चपळाई व अंगावरील ताबा, बळ, बुद्धीची तरतरी, झुंजण्याची वृत्ती, आणि शील. म्हणजे संगणकाच्या रकान्यातही शील आले, पण अंक होऊन. चपळाईचा अंक घड्याळाने ठरवता येतो. शीलाचा अंक मात्र पुन्हा तो गावोगाव फिरणारा मामाच देणार. यंत्राने मामाला रजा दिली नाही. त्याचे बोलणे तेवढे टंकलिखित झाले.

आता १९९८ सालाकडे येऊ. या एका वर्षात आमच्या विषयाचे सगळे धागे गुंतलेले आहेत.

त्या वर्षी पहिल्या जागेसाठी दोन क्वार्टरबॅक होते, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारे गडी. एक टेनेसीचा पेटन मॅनिंग, दुसरा वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. लीफचा दंड अधिक जोरकस असे जाणते म्हणत, आणि कोणाला घ्यावे यावर खरोखर वाद होता. इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाने मॅनिंगला घेतले. सॅन डिएगोच्या चार्जर्सनी दुसरी जागा मिळवण्यासाठी आपल्या पुढच्या निवडी आणि खेळाडू देऊन लीफला घेतले. पुढचे बहुतेकांना माहीत आहे, पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पहिल्या हंगामात दोघेही वाईट खेळले. मॅनिंगचे २८ चेंडू प्रतिपक्षाने झेलले, आणि कोल्ट्सनी १६ पैकी १३ सामने गमावले. फरक पडला तो हरल्यानंतरच्या वागण्यात. एका सामन्यात लीफच्या पंधरा फेकींपैकी एकच साधली. दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यांसमोर एका वार्ताहरावर ओरडत सुटला, आणि ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले. सहकाऱ्यांचे मन उडाले, दुखापती झाल्या, आणि २००२ मध्ये तो खेळातून बाहेर पडला. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन निरनिराळ्या संघांना त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. लीफ वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेला, चोरीच्या गुन्ह्यांत सापडला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तुरुंगातून सुटला. त्यानंतर त्याने व्यसनी माणसांना सावरण्याचे काम हाती घेतले, हेही सांगितले पाहिजे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, झाले तर मग, शीलच मोठे. पण त्याच दिवशी, त्याच यादीत रँडी मॉस होता. वेस्ट व्हर्जिनियातील हा पोरगा उंच, आणि धावण्यात वाऱ्यासारखा. लांबवर फेकलेला चेंडू झेलण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. शाळेतील एका मारामारीत त्याला शिक्षा झाली, तेव्हा नोट्र डेम विद्यापीठाने दार लावले. पुढे गांजा ओढल्यावरून फ्लोरिडा स्टेटनेही काढले. शेवटी मार्शल या लहान विद्यापीठात खेळून त्याने आपले कसब दाखवले. कसबावर पाहता तो पहिल्या पाचांत जावयाचा. वीस निवडी झाल्या तरी त्याचे नाव निघेना. डॅलसने आठव्या जागी दुसरा गडी घेतला. त्या संघाचे एक-दोन तारे नुकतेच कोर्टकचेऱ्यांत अडकले होते आणि आणखी बदनामी त्यांना नको होती. एकविसाव्या जागी मिनेसोटाच्या व्हायकिंग्जनी मॉसला उचलले. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी तो डॅलसच्या मैदानावर उतरला. दिवसभरात त्याने तीनच चेंडू झेलले. तिन्ही पन्नास यार्डांच्या वरचे, आणि तिन्ही सरळ टचडाऊन. डॅलस ४६-३६ असे हरले. त्या हंगामात मॉसने १७ टचडाऊन केले आणि मिनेसोटाने १६ पैकी १५ सामने जिंकले. २०१८ साली तोही सन्मानमंदिरात गेला.

तो मिनेसोटातच का रुजला? आमच्या मते उत्तर क्रिस कार्टर या नावात आहे. हा त्याच संघातील वडीलधारा गडी, तोच चेंडू झेलणारा. १९९० साली फिलाडेल्फियाने कार्टरला दारू आणि अमली पदार्थांपायी हाकलले, आणि मिनेसोटाने अवघ्या शंभर डॉलरच्या फीवर त्याला घेतले होते. तेथे तो सुधारला, मोठा झाला. मॉस आला तेव्हा ज्याने ठेच खाल्ली आहे असा माणूस त्याच्या शेजारच्या कपाटापाशी उभा होता. मॉस संत झाला असे नव्हे. २००२ मध्ये मोटारीने एका वाहतूक कर्मचाऱ्याला ढकलण्याचा प्रताप त्याने केलाच. पण माणसाचे शील पारखताना तो कोणाच्या घरी जाणार हेही पाहावे लागते, आणि त्याचा रकाना कुरेशींच्या पाचांत नव्हता.

आता एक कडू प्रकरण. नेब्रास्का विद्यापीठाचा लॉरेन्स फिलिप्स हा अनाथालयांतून वाढलेला, अफाट बळाचा गडी. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केली आणि केस धरून जिन्यावरून ओढत नेले. शिक्षक टॉम ऑसबर्न यांनी त्याला काही सामने बसवले आणि मग परत घेतले. फुटबॉल सुटला तर हा पोरगा पुरता वाया जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्हांस निव्वळ ढोंग वाटत नाही. पण त्या मुलीचे शिक्षणही त्याच विद्यापीठात चालू होते, आणि तिचे काय होईल हा प्रश्न तितक्या कळकळीने विचारला गेल्याचे दिसत नाही. जानेवारी १९९६ मधील अजिंक्यपदाच्या सामन्यात फिलिप्सने तीन टचडाऊन केले. दुभत्या गाईच्या लाथाही गोड! एप्रिलमध्ये सेंट लुइसच्या रॅम्सनी त्याला सहाव्या जागी निवडले, आणि त्याच्यासाठी जागा करावी म्हणून त्याच दिवशी आपला जेरोम बेटिस पिट्सबर्गला देऊन टाकला. बेटिस पुढे अजिंक्य संघात खेळला आणि सन्मानमंदिरात गेला. फिलिप्सला रॅम्सनी दीड वर्षात काढले. नंतर इतर संघ झाले, इतर बायका मार खात्या झाल्या, त्याने तरुण पोरांवर मोटार घातली, आणि तीस वर्षांवर शिक्षा झाली. जानेवारी २०१६ मध्ये तो कॅलिफोर्नियातील तुरुंगात मेला; आत्महत्या असावी असा निष्कर्ष निघाला.

रॅम्सना शीलाची माहिती नव्हती असे नाही. वर्तमानपत्रे भरून वाहत होती. त्यांनी ती किमतीत धरली, इतकेच. आमचे म्हणणे असे की या सबंध व्यवहारात शील हा गुण म्हणून तोललाच जात नाही, तो सवलतीचा दर म्हणून तोलला जातो. ज्याने बाईवर हात टाकला तो सहाव्या जागेऐवजी पाचव्या फेरीत मिळतो, बस. २०१६ पासून अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना इंडियानापोलिसच्या वार्षिक तपासणीस बोलवावयाचे नाही असे लीगने ठरवले. त्याच वर्षी टायरीक हिल याला तेथे बोलावणे नव्हते, आणि कॅन्सस सिटीने त्याला पाचव्या फेरीत घेतले. चारच वर्षांत तो संघ अजिंक्य झाला. आणि ज्या चौकशीत मारकुटा आणि गांजा ओढणारा एकाच तागडीत पडतात, तीत तागडीवर भरवसा तरी किती ठेवावा?

न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्स संघाने २०१० साली असाच सवलतीत एक गडी घेतला: फ्लोरिडा विद्यापीठाचा ॲरन हर्नांडेझ, चौथी फेरी, ११३ वी जागा. त्याच्याविषयी गांजाची कुजबूज होती. दोन वर्षांनी त्याच संघाने त्याला कोट्यवधी डॉलरचा नवा करार दिला. जून २०१३ मध्ये तो खुनाच्या आरोपावरून पकडला गेला, एप्रिल २०१५ मध्ये दोषी ठरला, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याने कोठडीत गळफास घेतला. वय सत्तावीस. बोस्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा क्षय तेथे इतका पसरलेला आढळला की एवढ्या लहान वयात तसा त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्या क्षयाने राग, लहर आणि विवेक यांवरचा ताबा सुटू शकतो. हर्नांडेझच्या हातून खून झाला तो त्यामुळेच, असे मात्र त्या डॉक्टरांनी म्हटलेले नाही. २०१० मध्ये, एकवीस पुरे न झालेल्या त्या पोराचा शीलाचा अंक लिहिला गेला तेव्हा त्यातले किती त्याचे स्वतःचे होते आणि किती लहानपणापासून खाल्लेल्या टकरींचे, हे कोणी सांगू शकले नसते. हा रोग जिवंत माणसात पक्का ओळखता येत नाही. मेंदू बाहेर काढूनच पाहावा लागतो.