पिला हाऊसचे दिवस

संपादक मंडळ म्हणालं, "साहेब, बँकेतल्या आठवणी लिहा." आता बॅलन्सिंगच्या रात्री कोण वाचणार? म्हणून मुंबईतल्या एका वस्तीचा इतिहास लिहितो. तिचं नाव घेतलं की घरात अजूनही भुवया चढतात, पण पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला काय त्याचं!

१९७४ साली माझी पहिली नेमणूक ग्रँट रोडजवळ झाली. घनसावंगी तेव्हा अंबड तालुक्यात. समर्थांचं जांब शेजारी, त्यामुळे घरात मनाचे श्लोक पाठ. आणि ऑफिस सुटल्यावर पाय वळायचे पिला हाऊसकडे!

पिला हाऊस म्हणजे 'प्ले हाऊस'. लोकांच्या तोंडी त्याचं असं झालं. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाटकगृह उभं राहिलं. १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे मराठी खेळ केले, त्याच वर्षी पारशी मंडळींचीही नाटकं सुरू झाली. पुढे आजूबाजूला थिएटरं वाढत गेली, बोलपट आल्यावर त्यांचीच सिनेमागृहं झाली. आल्फ्रेड, गुलशन, रॉयल. गिरणीतले, गोदीतले, हमालीचे लोक तिथे जुने सिनेमे पाहायला यायचे. काही जण तर नुसते पंख्याखाली झोपायला.

खाण्याची चैन होती. स्टेशनसमोर मेरवानचं इराणी हॉटेल, १९१४ सालचं. मावा केक सकाळी लवकर गेलं तरच मिळायचा. रात्री ब्रून-मस्का, खिमा-पाव, फालुदा. खिमा आमच्या घरी कळला असता तर वडिलांनी परत बोलावून घेतलं असतं.

पण खरं आकर्षण बांगडीवाला थिएटरचं. आपल्याकडे जत्रेत येतो तो ढोलकी-फड, कनातीत वग रंगवणारा. इथे संगीतबारी. एका थिएटरात अनेक पार्ट्या, आळीपाळीने बारी लावायच्या. लावणीला खूश झालेला माणूस नोट पुढे करायचा, ती दौलतजादा. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे संहिता तपासून परवानगी मिळू लागली, म्हणून हे टिकलं.

त्या फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूरावांचं नाव दिलं. हे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. कुळकर्ण सोडून तमाशात गेले, पवळाबरोबर मुंबई गाजवली आणि १९४५ मध्ये हलाखीत वारले. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी डॉ. आंबेडकरांना खेळांचं उत्पन्न देऊ केलं होतं. समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारलं. मला दोघांचंही पटतं, आणि हा गुंता काही सुटत नाही. रस्त्याला नाव बापूरावांचं लागलं, पवळाचं नाही, एवढं मात्र खुपतं.

एकदा सकाळी काउंटरवर एक बाई आल्या. रुमालात नोटा बांधलेल्या, चुरगाळलेल्या, पण नीट रचलेल्या. खातं उघडायचं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी ओळखलं. आदल्या शनिवारी दुसऱ्या रांगेतून त्यांची बैठकीची लावणी ऐकली होती. फॉर्मवर नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव हवं होतं. त्यांनी आईचं सांगितलं. शिवाय ओळख द्यायला जुन्या खातेदाराची सही लागायची. माझं स्वतःचं खातं त्याच शाखेत. पेन हातात होतं.

हेडक्लार्क चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. "तुम्ही ओळखता का हो यांना?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी रुमालाची गाठ पुन्हा मारली, "बरं दादा" म्हणाल्या आणि गेल्या. त्या महिन्यात मी बांगडीवालाकडे फिरकलो नाही. पुढच्या महिन्यात गेलो, तर बारीवर दुसरी पार्टी होती.

पुढे बत्तीस वर्षांत किती खात्यांना ओळख म्हणून सही केली, मोजदाद नाही. आपल्या सोसायटीचं पहिलं खातं उघडताना कागदावर सही करायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "साहेब, नीट वाचून करा." मी न वाचताच केली.