छडी, विद्या आणि शिक्षकाची दृष्टी



"मास्तर, मांस तुमचे, हाडे आमची," असे सांगून मुलाला शाळेत सोडणारा पालक आजही भेटतो. त्यामागे मूल शिकावे हीच तळमळ असते. परंतु माराने विद्या येते काय, हे इतिहासालाच विचारून पाहू या.

पूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि पाढे, पावकी, निमकी एका सुरात घोकायची. हिशेब पक्का होई, हे मान्य केले पाहिजे. पण मुलाला समजले की नाही, याची फारशी विचारपूस नसे. चुकले की छडी ठरलेलीच! भीतीने कित्येक मुले शाळेचे नावच टाकीत.

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. फातिमा शेख या त्यांच्या सहकारी होत. १८५६ साली माहेरी आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडला असेल, ही चिंता त्यात दिसते.

पुढे १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितलेच. शिवाय शिक्षक कसा असावा, तेही सांगितले. तो प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार असावा, तो शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा असावा आणि वेळ पडल्यास नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये. पद्धतीइतकीच शिक्षकाची वृत्ती महत्त्वाची, हे मर्म त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवीत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुस्तकातील धडा त्यामुळे मुलांना मोबाईलवर पाहता-ऐकता येऊ लागला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. साधन नवे, पण वृत्ती तीच: मुलाला जसे समजेल तसे शिकवावे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी केली. मात्र मनातली छडी कायद्याने जात नाही. ती आपणच टाकून द्यावयाची आहे.

म्हणून पालकहो, शाळेत याल तेव्हा "मारा" म्हणू नका. "माझ्या मुलाला काय समजत नाही?" एवढेच विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, न समजलेले विचारताना लाजू नका. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तीच विद्येची पहिली पायरी होय.