काचेवर ओरखडा उठला, म्हणजे हिरा खरा?

पेणच्या अनेक गणेशमूर्तींवर हल्ली 'डायमंड वर्क' दिसतं. मुकुटावरचे ते खडे हिरे नाहीत, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. प्रश्न येतो अंगठीतल्या खड्याचा. तो पारखायला घरोघरी एकच युक्ती सांगितली जाते: काचेवर घासून बघा.

या युक्तीने हिरा ओळखता येत नाही. खनिजांचा कठीणपणा मोह्स मापनश्रेणीत 1 ते 10 असा मोजतात. काच साधारण 5.5 वर येते. पेण-रोह्याचे डोंगर ज्या काळ्या बेसॉल्टचे आहेत, त्या खडकाच्या पोकळ्यांत मिळणारी गारगोटी 7 वर. म्हणजे फुकटची गारगोटीही काचेवर ओरखडा काढते! अमेरिकन डायमंड (क्युबिक झिर्कोनिया) 8 ते 8.5, माणिक आणि नीलम 9, हिरा 10. शिवाय कठीण म्हणजे न फुटणारा असं नाही. हातोडीच्या घावाने हिराही फुटतो, त्यामुळे तो प्रयोग नकोच.

मग फरक कुठे कळतो? वजनात. क्युबिक झिर्कोनिया हिऱ्यापेक्षा बराच जड असतो. 1 कॅरेट, म्हणजे 0.2 ग्रॅम हिऱ्याच्या आकाराचा हा खडा सुमारे 1.7 कॅरेट भरतो. अर्थात त्यासाठी खडा कोंदणातून सुटा हवा.

प्रकाशातही फरक आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, साध्या काचेचा 1.5 च्या आसपास. काच प्रकाश तितका परत फेकत नाही, म्हणून सजावटीच्या काचखड्यांना मागून चंदेरी मुलामा देतात. तो निघाला की खडा निस्तेज. उलट क्युबिक झिर्कोनियात इंद्रधनुषी रंग हिऱ्यापेक्षा जास्त खेळतात. फार रंगीत चमक दिसली तर शंका घ्यायला हरकत नाही.

मोती आणि पोवळं मात्र 3-4 च्या आसपासच. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे लिंबू-व्हिनेगरने खराब होतात. पितांबरीने घासायचा विचारही नको.

मोइसनाइट तर 9.25 कठीण आहे आणि उष्णतेवर चालणाऱ्या साध्या हिरा-टेस्टरलाही चकवतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर रचनेने हिराच. तो खाणीतला की यंत्रातला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. आणि दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. महागडा खडा घेताना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं स्वतंत्र प्रमाणपत्र मागा.