तळटीप २३ : काजळी फासलेला मूर

२३. हा मूर म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ (सुमारे १६०३-०४) या शोकांतिकेचा नायक, व्हेनिसच्या दौलतीचा कृष्णवर्णी सेनापती; गोविंद बल्लाळ देवलांनी त्याला ‘झुंझारराव’ (१८९०) या नाटकात मराठी पेहराव चढविला, आणि नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी पुढे तीच शोकांतिका मूळ नावानिशी मराठीत आणली. इंग्लंड-अमेरिकेत ही भूमिका दीर्घकाळ गोऱ्या नटांची मिरास होती, आणि ते जाळलेल्या बुचाची काजळी किंवा तत्सम लेप तोंडास फासून ती वठवीत; अमेरिकेतील मिन्स्ट्रेल खेळांत तर हीच काजळी कृष्णवर्णीयांच्या उघड विटंबनेचे साधन झाली. परंतु आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णी नट १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात याच भूमिकेत उभा राहिला, तेव्हा तेथील काही वृत्तपत्रांनी त्याच्या वर्णावरूनच त्याची निर्भर्त्सना केली आणि अवघ्या दोन प्रयोगांनंतर त्याला तेथून जावे लागले. ज्या वर्णाचा लेप गोऱ्या नटास कीर्ती मिळवून देतो, तोच वर्ण जन्मतः लाभलेल्यास मात्र अपात्र ठरवितो, हा ढळढळीत अन्याय होय, आणि ज्या मजकुरावर ही टीप आहे त्याच्या मूळ लेखकाचा तेथील संताप सर्वथा रास्त आहे. लॉरेन्स ऑलिव्हिए या गोऱ्या इंग्लिश नटाने १९६४ सालीदेखील काळी रंगभूषा करूनच ही भूमिका केली. आपल्याकडेही ‘रंग माझा वेगळा’ (२०१९) या दूरचित्रवाणी मालिकेत, कथानक वर्णभेदाविरुद्ध असूनही, सावळ्या नायिकेच्या भूमिकेसाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीस गडद रंगभूषा करण्यात आली.