पेठेतले परगावचे विद्यार्थी आणि मानसिक आधार

केसरीवाडा, पत्र्या मारुती आणि मोदी गणपती यांची नारायण पेठ आता परगावच्या विद्यार्थ्यांचीही पेठ आहे. शेजारच्या सदाशिव आणि नवी पेठेप्रमाणे इथेही कॉट बेसिसच्या खोल्या, खानावळी व अभ्यासिका आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेला तरुण याच राज्यातला आणि मराठीच बोलणारा. म्हणून त्याला स्थलांतरित समजण्याची पद्धत नाही. प्रत्यक्षात घर, बोली आणि ओळखीची माणसे सोडून तो आलेला असतो.

पुण्याला असे विद्यार्थी नवे नाहीत. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणारी मुले या पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. ती सोय जातीच्या चौकटीतली होती, हे विसरता येत नाही; पण ठरल्या वारी मुलगा आला नाही तर त्या घरात निदान चौकशी होई. ग्रामीण भागातील गरजू मुलांसाठी डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांतही सहवासाला महत्त्व राहिले. दाराशी ठेवलेला डबा तसाच राहिला, तर आज ते कोणाच्या लक्षात येईलच असे नाही.

त्यातच परीक्षेची अनिश्चितता. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली, तेव्हा विद्यार्थी नवी पेठेतल्या रस्त्यावर उतरले. वय वाढत जाते, घरून पैसे येत राहतात आणि गावी काय सांगावे हा प्रश्न दर सणाला अधिक अवघड होतो.

असा तरुण ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणतो. डोके जड झाले, जीव घाबरतो, झोप लागत नाही, किंवा नुसते ‘करमत नाही’, अशी त्याची भाषा असते. डोकेदुखीची गोळी घेऊन तो परततो आणि मूळ दुखणे राहून जाते. समुपदेशकाला ही भाषा कळणे आणि घरची शेती, कर्ज, बहिणीचे लग्न हे विषय उपचाराबाहेरचे न वाटणे, हीच संस्कृतीशी सुसंगत सेवेची पहिली अट होय. पुण्यात भार्गवी दावर यांनी स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ उपक्रमातून वस्त्यांमध्ये जाऊन मानसिक आरोग्याचे काम केले. पेठांनाही दवाखान्याची वाट न पाहणारी अशी पद्धत उपयोगी पडेल.

कायदा याच बाजूचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार ही सेवा परवडणारी, जवळ मिळणारी, संस्कृती वा जातीवरून भेदभाव न करणारी आणि रुग्णाला व कुटुंबाला स्वीकारार्ह हवी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. शिकवणी वर्गही त्यात आले. मात्र स्वतःच अभ्यास करणारा उमेदवार कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतो.

अपंग विद्यार्थ्याची अडचण दुहेरी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिले आणि मानसिक आजारालाही त्यात स्थान दिले. पण जुन्या वाड्यातल्या अभ्यासिकेचा अरुंद जिना कुबड्या घेऊन चढायचा कसा? दृष्टिहीनाला लेखनिक लागतो, आणि अनोळखी शहरात तो शोधायचा म्हणजे ओळख हवी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. एवढे माहीत असले तरी गावाकडची एखादी खेप वाचते.

केंद्राची ‘टेली मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. अभ्यासिकेच्या फलकावर, जागा रिकामी असल्याच्या जाहिरातींशेजारी, हा क्रमांक लावण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.